ओके, म्हणजे पोचलं

इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ कोणत्या शब्दाला, असा विषय निघाला की जाणकार दोन नावं घेतात: 'सेट' आणि 'रन'. १९८९ साली निघालेल्या ऑक्सफर्ड कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' सगळ्यांच्या पुढे होता. पुढची आवृत्ती तयार होऊ लागली तेव्हा 'रन'ने सहाशेच्या वर अर्थ काढून त्याला मागे टाकलं, आणि नावातच धावा असल्यावर त्याने मोठी धावसंख्या उभारावी यात क्रिकेटवेड्या मराठी माणसाला काही विशेष वाटायला नको. पण या दोघांच्या कौतुकात एक गरीब बिचारा शब्द मागे राहतो. कोशात त्याला फार जागा मिळत नाही: ठीक, मान्य, बरोबर, बस्स. प्रत्यक्षात मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत तोच राबत असतो. रक्ताचा रिपोर्ट ओके, गॅरेजमधून आलेली गाडी ओके, चष्म्याचा नंबर ओके, साखरपुड्याची तारीख ओके, आणि पुढे कधी वेळ आलीच तर घटस्फोटाचा मसुदाही वकिलांनी ओके केलेला. इतक्या ठिकाणी हजर असणाऱ्या या शब्दाचे अर्थ तरी किती असावेत? माझं म्हणणं असं आहे की एकही नाही. 'ओके'ला अर्थ नाही, काम आहे, आणि ते काम म्हणजे पोच देणं. रजिस्टर पत्र आल्यावर आपण पोस्टमनच्या कागदावर सही करतो, त्या सहीने पत्रातला मजकूर आपल्याला पटला असं काही सिद्ध होत नाही. 'ओके' ही तसली सही आहे, आणि जगातले निम्मे गैरसमज तिला संमती समजल्यामुळे होतात.

या शब्दाची जन्मकथाच मुळी माझ्या बाजूने साक्ष देते. तो छापील स्वरूपात पहिल्यांदा दिसला २३ मार्च १८३९ रोजी, 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट' या अमेरिकी दैनिकात. संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन प्रॉव्हिडन्सच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाची टर उडवत होते आणि त्या ओघात त्यांनी 'ओ. के.' लिहून पुढे 'ऑल करेक्ट' असा खुलासा केला. त्या काळी बॉस्टनच्या पत्रकारांत एक टूम निघाली होती. आधी शब्दांची स्पेलिंगं मुद्दाम चुकवायची, मग त्या चुकलेल्या स्पेलिंगांची आद्याक्षरं छापायची आणि वाचकाने डोकं खाजवावं अशी अपेक्षा करायची. 'नो यूज'चं झालं 'के. वाय.' आणि 'ऑल राइट'चं 'ओ. डब्ल्यू.'. (मोबाइलमुळे हल्लीच्या मुलांची स्पेलिंगं बिघडली, असं म्हणणाऱ्यांनी ही तारीख लिहून ठेवावी. तेव्हा मोबाइल नव्हता, टेलिफोनही नव्हता, आणि स्पेलिंग बिघडवणारे स्वतः संपादक होते.) याच चालीवर 'ऑल'च्या 'ए'चा झाला 'ओ' आणि 'करेक्ट'च्या 'सी'चा झाला 'के'. म्हणजे 'सगळं बरोबर आहे' असं छातीठोकपणे सांगणारी ही दोन अक्षरं, आणि दोन्हीच्या दोन्ही चूक. शंभर टक्के चुकीचा असा दुसरा शब्द शोधून सापडायचा नाही. त्याने पुढे बरोबरपणाची ग्वाही देत जगभर हिंडावं हे आश्चर्य खरं, पण ती ग्वाही कोणी मनावर घेऊ नये याची सोय जन्मतःच केलेली होती.

बाकीची आद्याक्षरं दोन-चार वर्षांत विरून गेली. 'ओके' तगला तो निवडणुकीमुळे. १८४० साली राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा उभे राहिले. त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहूक, म्हणून समर्थकांनी त्यांना 'ओल्ड किंडरहूक' केलं आणि ठिकठिकाणी 'ओके क्लब' काढले. विरोधकांनी लगेच त्याच दोन अक्षरांचे आपल्या सोयीचे, आणि अर्थातच अनुदार, अर्थ लावले. शिवाय अशी हूल उठवली की व्हॅन ब्युरेन यांचे पाठीराखे माजी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना धड लिहिता येत नव्हतं आणि तेच कागदांवर असं चुकीचं 'ऑल करेक्ट' खरडायचे. व्हॅन ब्युरेन हरले, 'ओके' निवडून आला. पुढे लोक हा गमतीचा उगम विसरले आणि जो तो आपली व्युत्पत्ती घेऊन पुढे येऊ लागला. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांची तर खात्रीच होती की हा चोक्टॉ आदिवासींच्या भाषेतला शब्द आहे, म्हणून ते कागदांवर 'ओकेह' असं शुद्ध लिहायचे. अखेर १९६३-६४ मध्ये ॲलन वॉकर रीड या भाषाभ्यासकाने जुन्या वर्तमानपत्रांचे ढीग उपसून बॉस्टनचा पुरावा मांडला आणि वाद मिटवला. तरी मला वाटतं, वाद इतकी वर्षं चालला यातच शब्दाचा स्वभाव दिसतो. 'झाड' या शब्दावर कोणी असे पंधरा दावे सांगत नाही, कारण तिथे झाड उभं असतं. रिकामी जागा दिसली की मात्र प्रत्येकाला आपला रुमाल टाकावासा वाटतो.

या रिकाम्या जागेला नोकरी दिली तारयंत्राने. अमेरिकेत रेल्वे वाढली, रुळांच्या कडेने तारांचे खांब गेले, आणि संदेश पूर्ण मिळाला हे कळवायला तारमास्तरांना काहीतरी आटोपशीर हवं होतं. 'ओके' दोन अक्षरांत भागत होतं. इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की तारेत काय लिहिलंय याच्याशी तारमास्तराला कर्तव्य नसतं. 'वडील गेले, ताबडतोब या' अशी तार आली तरी पलीकडून उत्तर 'ओके'च जाणार. तो निर्दय आहे म्हणून नाही, तर शब्द पोचले एवढंच सांगणं हे त्याचं काम आहे म्हणून. ही तारमास्तरी 'ओके'च्या अंगात इतकी मुरली की ती थेट चंद्रापर्यंत गेली. २० जुलै १९६९ रोजी 'ईगल' हे यान चंद्रावर टेकलं तेव्हा माणसाच्या तोंडून तिथे निघालेल्या अगदी पहिल्या शब्दांत बझ ऑल्ड्रिन यांचं 'ओके' आहे. आर्मस्ट्राँग यांचं ते प्रसिद्ध वाक्य यायला अजून काही तास होते. ऑल्ड्रिन यांच्या 'ओके'त मानवजात वगैरे काही नव्हती. इंजिन बंद झालं, नोंद घेतली, पुढचं बटण.

बटणावरून आठवलं. 'ओके'च्या पोचपावतीपणाचा सर्वांत भक्कम पुरावा आपण रोज बोटाने दाबतो. ॲपल कंपनी 'लिसा' हा संगणक तयार करत होती, जो १९८३ मध्ये बाजारात आला. पडद्यावर उमटणाऱ्या चौकटीत 'हे कर' अशा अर्थाचं 'डू इट' हे बटण ठेवलं होतं. 'ओके' आधी सुचलं नव्हतं असं नाही, पण तो शब्द फारच बोलीतला वाटला म्हणून बाजूला ठेवला होता. मग साध्या माणसांना बसवून चाचणी घेतली, तर काही जण त्या बटणापाशी येऊन अडखळू लागले, थोडे चिडूही लागले. दोन शब्दांमधली फट अगदी बारीक होती आणि इंग्रजीतला मोठा 'आय' छोट्या 'एल'सारखा दिसतो, त्यामुळे त्यांना ते 'डोल्ट' असं दिसत होतं. डोल्ट म्हणजे मठ्ठ. संगणक आपल्याला मठ्ठ म्हणतोय, आणि वर तेच बटण दाबायला सांगतोय! बनवणाऱ्यांनी निमूटपणे 'ओके' आणलं, आणि पुढे जगातल्या सगळ्या पडद्यांनी ते उचललं. आता बघा हं. 'तुमची फाइल उघडता येत नाही', खाली एकच बटण: ओके. 'तुमचा व्यवहार अयशस्वी झाला आहे', ओके. यात ओके काय आहे, असा प्रश्न सुरुवातीला सगळ्यांना पडतो आणि मग पडेनासा होतो. यंत्राला आपली संमती नकोच असते, 'नॉट ओके' असं बटण त्याने दिलेलंच नसतं. त्याला फक्त हवं असतं की वाईट बातमी कळल्याची सही आपण करावी.

हाच व्यवहार माणसामाणसांत पाहायचा तर कोणत्याही गृहनिर्माण संस्थेचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडावा. 'उद्या टाकी धुण्याचे काम असल्याने सकाळी ९ ते सायंकाळी ५ पाणी बंद राहील, कृपया सहकार्य करावे.' खाली तिसऱ्या मजल्यावरून 'ओके', पाचव्यावरून 'ओके सर', बी विंगमधून अंगठा, पुन्हा 'ओके', मग एकाचं 'ओके, नोटेड'. सचिवांचा समज असा होतो की चाळीस बिऱ्हाडांनी प्रस्ताव मंजूर केला. दुसऱ्या दिवशी सव्वानऊला, तोंडाला साबण लागलेल्या अवस्थेत, त्यातलीच अकरा माणसं फोन करतात. सचिव म्हणतात, अहो, तुम्हीच ओके लिहिलं होतं ना? लिहिलं होतं, पण ते मेसेज मिळाल्याचं होतं, टाकी धुण्याबद्दलचं नव्हतं. आता तर ही पोचही महाग वाटू लागल्याने तरुण मंडळी 'ओ' गाळून नुसता 'के' पाठवतात. त्यावर वडीलधारे रागावतात आणि मला वाटतं त्यांच्या रागाला भाषाशास्त्रीय आधार आहे. मूळ दोन चुकीच्या अक्षरांपैकी एक काढून टाकलं आणि उरलं ते काय, तर 'करेक्ट'चं चुकलेलं पहिलं अक्षर.

यावर अभिमानी मराठी वाचक म्हणेल, पोचच द्यायची तर आमचे शब्द काय वाईट आहेत? 'बरं' आहे, 'ठीक' आहे, 'चालेल' आहे, 'हो' तर आहेच. आहेत, आणि 'ओके'पेक्षा कितीतरी समृद्ध आहेत. अडचण तीच आहे. 'हो' म्हटलं की माणूस बांधला गेला, उद्या 'तू हो म्हणाला होतास' हे ऐकावं लागतं. 'चालेल' या शब्दाला खुर्ची आहे. साहेबाने कारकुनाला 'चालेल' म्हणावं, कारकुनाने साहेबाला म्हटलं तर बदलीची तयारी ठेवावी. 'बरं' घरगुती आहे, त्यात आज्ञाधारकपणा तरी असतो किंवा कंटाळा तरी. 'ठीक आहे'बद्दल तर बोलायलाच नको. भांडणाच्या शेवटी उच्चारलेल्या 'ठीक आहे'मध्ये काहीही ठीक नसतं हे घरातल्या लहान मुलालाही कळतं. आपल्याकडे होकाराच्या प्रत्येक शब्दाला नातं, मान, रुसवा यांची झालर असते आणि तो कोणी कोणाला म्हटला यावरून अख्ख्या घराचा नकाशा काढता येतो. ज्याला यातलं काहीच कबूल करायचं नाही, फक्त 'ऐकू आलं' एवढंच म्हणायचंय, त्याला आपल्या भाषेत उभं राहायला जागा नव्हती. 'ओके'ने ती दिली. तो सुनेने सासऱ्यांना म्हटला तरी चालतो आणि शिपायाने संचालकांना म्हटला तरी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वस्तूंवर 'ओके टेस्टेड'चं गोल लेबल चिकटवलेलं असतं, छापखान्यात मुद्रितं 'ओके' झाल्याशिवाय यंत्रावर चढत नाहीत, चित्रीकरणात दिग्दर्शक 'कट, ओके' म्हणतो तेव्हाच कलाकार खुर्चीवर टेकतात. इथे तर 'ओके' म्हणजे स्वच्छ पसंती आहे! दिसते तशी, पण जरा जवळ जाऊन पाहावं. दिग्दर्शकाच्या 'ओके'नंतरचं वाक्य बहुधा 'अजून एक घेऊ, सेफ्टीसाठी' हे असतं. 'ओके' झालेल्या मुद्रितातल्या चुका पुस्तक बांधून आल्यावर पहिल्याच पानावर हसत बसलेल्या असतात. आणि 'ओके टेस्टेड' लेबल तपासणी झाल्याचं सांगतं, तपासणीत काय आढळलं ते मिक्सर घरी आणून लावल्यावर कळतं. खरी पसंती दाखवायची वेळ येते तेव्हा नुसत्या 'ओके'ने कोणाचंच समाधान होत नाही. १९६१ मध्ये ॲलन शेपर्ड अंतराळात जाऊन आले तेव्हा नासाचे प्रवक्ते जॉन पॉवर्स यांनी 'ए-ओके' हा शब्द गाजवला, कारण साध्या 'ओके'त अंतराळवीराची शान बसेना. आपल्याकडे जून २०२२ मध्ये सांगोल्याचे बंडखोर आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर बोलले आणि 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' असं तिथलं वर्णन करून सगळं 'ओकेमध्ये' असल्याचं त्यांनी सांगितलं. हे 'ओके' गाजलं ते स्वतःच्या जोरावर नाही, आधीच्या तीन 'काय'च्या जोरावर. दोनच महिन्यांनी, बंडखोरांनी पैसे घेतल्याचा आरोप करत, विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी 'पन्नास खोके, एकदम ओके' ही घोषणा दिली, तिथेही 'एकदम' जोडावंच लागलं. मात्र एक मान्य केलं पाहिजे. 'खोके'शी यमक जुळलं त्या दिवशी हा बॉस्टनचा शब्द खऱ्या अर्थाने मराठीत आला. त्याचं 'ओक्के' असं रूप तर 'पक्के' आणि 'नक्की'च्या पंक्तीला मुकाट्याने जेवायला बसलंच आहे.

ट्रकच्या मागच्या 'हॉर्न ओके प्लीज'चाही दाखला कोणी देईल. 'हॉर्न' कळलं, 'प्लीज' कळलं, मधे 'ओके' काय करतंय? कोणी म्हणतं, दुसऱ्या महायुद्धात ट्रक केरोसिनवर चालत तेव्हाचा तो 'ऑन केरोसिन' असा इशारा. कोणी म्हणतं, टाटांच्या 'ओके' साबणाची ती जाहिरात. कोणी म्हणतं, 'ओव्हरटेक'चं झिजलेलं रूप. एकही खुलासा नीट सिद्ध झालेला नाही, आणि तसा तो नसला तरी देशातला एकही ट्रक अडला नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने ध्वनिप्रदूषणाच्या कारणावरून ही अक्षरं लिहायला बंदी घातली, तेव्हा सगळी चर्चा 'हॉर्न'वर झाली. मधल्या 'ओके'चं काय, असं कोणीही विचारलं नाही. लाखो वाहनांच्या पाठीवर वर्षानुवर्षं मिरवून कोणाच्याही डोळ्यांत न भरलेला शब्द, मी म्हणतो ते यापेक्षा वेगळं काय सांगतो?

उरला सुराचा मुद्दा. लांबवलेलं 'ओकेऽऽ' म्हणजे संशय, तुटक 'ओके' म्हणजे राग, घाईचं 'ओके ओके ओके' म्हणजे आता फोन ठेवा, प्रश्नार्थक 'ओके?' म्हणजे समजलं का. मग अर्थ नाही कसा? आहे, पण तो सुराचा आहे, शब्दाचा नाही. 'ओके' हा भाषेतला बटाटा आहे. दोघेही अमेरिका खंडातून आले, दोघांनाही स्वतःची ठळक चव नाही, आणि म्हणूनच दोघेही कशातही पडतात. बटाट्याच्या भाजीचं कौतुक होतं तेव्हा ते मोहरी, हिंग आणि मिरचीचं असतं. स्वतःची चव नसण्याचा आणखी एक पुरावा मराठीनेच दिलाय. आपण शब्द दोनदा म्हटला की जोर वाढतो: गरम गरम भजी, ताजी ताजी मेथी. 'सिनेमा ओके-ओके होता' म्हटलं की मात्र तिकिटाचे पैसे वाया गेले असं समजायचं. शून्याची दुप्पट केली तर हाती काय लागणार?

पोच आणि परवानगी यांतला फरक जिथे जिवावर बेततो तिथे मात्र लोकांनी 'ओके'कडे फार गंभीरपणे पाहिलंय. खोल पाण्यात उतरणारे पाणबुडे अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करून 'ओके' विचारतात आणि समोरच्याने तीच खूण परत करावी लागते, नाही केली तर काहीतरी बिघडलंय असं धरून चालतात. विमानांच्या जगाला हा धडा भयंकर किंमत देऊन मिळाला. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरच्या टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकली आणि ५८३ माणसं गेली. दाट धुकं होतं, विमानतळावर गर्दी होती, निघायची घाई होती. कारणं अनेक होती आणि त्यांतलं एक हे दोन अक्षरांचं होतं. केएलएमच्या विमानातून 'आम्ही आता टेक-ऑफवर' अशा अर्थाचं संदिग्ध वाक्य आलं, टॉवरमधून 'ओके' गेलं, आणि त्यापुढचं 'थांबा' दुसऱ्या विमानाच्या त्याच क्षणी आलेल्या संदेशाशी टकरून खरखरीत बुडालं. विमानात पोचलं ते फक्त 'ओके'. त्यानंतर रेडिओवरच्या भाषेची शिस्त फार कडक झाली. तिथे ऐकलं याला 'रॉजर', ऐकलं आणि तसं करतो याला 'विल्को', होय याला 'अफर्म' असे वेगवेगळे शब्द आहेत, आणि महत्त्वाची परवानगी तर शब्दशः परत म्हणून दाखवावी लागते.

मग हे नेमके शब्द आपण जमिनीवर का आणत नाही? कारण जमिनीवर नेमकेपणा कोणालाच परवडणारा नाही. आईने फोनवर सांगितलं की येताना कोथिंबीर आण, आणि मुलाने 'विल्को' म्हटलं, तर त्याला ती आणावीच लागेल. 'रॉजर' म्हटलं तर ऐकूनही आणायचा विचार नाही हे तिला तिथल्या तिथे कळेल आणि जो वाद संध्याकाळी व्हायचा तो भर दुपारी ऑफिसात बसून करावा लागेल. 'ओके' म्हणणारा मुलगा मात्र दुपार शांततेत काढतो, संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी येतो, आणि विचारलं तर म्हणू शकतो की मी ओके म्हटलं होतं, आणतो असं कुठे म्हटलं होतं? आईला तो युक्तिवाद पटत नाही, पण भाषेच्या दृष्टीने पाहिलं तर तो बिनतोड आहे.